ड्रेस्डेनचे फोटो आणि न सांगितलेले दोन पेपर

पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

‘मी २५ वर्षांचा. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचा. वडील निवृत्त शिक्षक. घर तारण ठेवून शैक्षणिक कर्ज काढलं आणि जर्मनीत ड्रेस्डेनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत मास्टर्सला आलो. इथे एक सेकंडहँड कॅमेरा घेतला. शनिवार-रविवार मोकळा मिळाला की प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, जिथली बस स्वस्त असेल तिथे जातो, फोटो काढतो, इन्स्टाग्रामवर टाकतो. लोकांना आवडतात. पण घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामांनी लिहिलं, “भाचेबुवा शिकायला गेलेत का युरोप दर्शनाला?” सगळे हसले. रात्री आईचा फोन आला, “किती खर्च होतो रे तुझा?” वडील काहीच बोलत नाहीत, प्रत्येक फोटोला नुसता अंगठा देतात. खरं तर मी एका बेकरीत पहाटेची पाळी करतो आणि त्याच पैशांतून फिरतो. मागच्या सेमिस्टरला दोन पेपर राहिले, ते घरी सांगितलेलं नाही. आता एका भारतीय जोडप्याने प्री-वेडिंग शूटसाठी ३०० युरो देऊ केले आहेत. कधी वाटतं कॅमेरा विकून मुकाट्याने अभ्यास करावा. कधी वाटतं डिग्री सोडून यातच पडावं. फिरून आलो की खोलीचं दार उघडताना फार रिकामं वाटतं. फोनमध्ये हजारो फोटो आहेत, माझ्या खोलीचा एकही नाही. काय करू?’

प्रिय मित्रा,

तुझ्या मूळ पत्रात मामांना जवळजवळ एक पान मिळालं आहे आणि राहिलेल्या दोन पेपरांना एक ओळ. तीही फिरण्याच्या हिशोबात मधेच घुसवलेली. त्यामुळे मी उलट्या क्रमाने जाणार आहे. मामा थांबतील. मामालोकांना सवय असते.

पेपरांचं आधी. जर्मनीत आपल्यासारखं ‘केटी लागली, पुढच्या वेळी बघू’ असं कितीही वेळा करता येत नाही. नियम विद्यापीठागणिक आणि विषयागणिक बदलतात, पण बऱ्याच ठिकाणी एका पेपरला साधारण तीन संधी असतात. त्या संपल्या की नुसता पेपर हातचा जात नाही, तो अभ्यासक्रमच तुझ्यासाठी बंद होऊ शकतो. आणि तुझा राहण्याचा परवाना शिक्षण पुढे सरकतंय या गोष्टीला बांधलेला आहे. हे तुला ठाऊक असणार, माझ्यापेक्षा नीट ठाऊक असणार. तरी पत्रात ते कुठेच नाही, याची मला जास्त काळजी वाटली. या आठवड्यात तीन गोष्टी कर. तुझ्या कोर्सचे परीक्षेचे नियम काढून हे पेपर कितव्यांदा आणि कधीपर्यंत देता येतात ते बघ. विभागातल्या अभ्यास-सल्लागाराची वेळ घे. आणि तुमच्या फाखशाफ्टच्या, म्हणजे विभागातल्या विद्यार्थी मंडळाच्या, खोलीत जाऊन जुन्या प्रश्नपत्रिका माग. बऱ्याच ठिकाणी त्या तिथे ठेवलेल्या असतात आणि आपली मुलं भिडेखातर त्या दारापर्यंत जात नाहीत.

आता कॅमेरा. तो विकला की अभ्यास होईल, हे तू धरूनच चालला आहेस. कशावरून? तुझाच आठवडा मांडून बघू. पहाटेची पाळी, त्यानंतर लेक्चर, शुक्रवारी रात्रीची बस, दोन दिवस परक्या शहरात पायपीट, रविवारी रात्री परतीची बस, सोमवारी पुन्हा पहाटेची पाळी. यात झोप कुठे बसते ते मला दाखव. हा वेळ कॅमेऱ्याने खाल्लेला नाही, बसने खाल्लेला आहे. फोटो काढणं आणि फिरणं या दोन गोष्टी तुझ्या डोक्यात एकच होऊन बसल्या आहेत. त्या सुट्या केल्यास तर विकायचं काही उरणार नाही कदाचित.

फिरण्याच्या मागे एक घाई आहे. ‘आलोच आहोत तर सगळं बघून घेऊ, पुन्हा येणं होईल न होईल.’ कर्ज काढून आलेल्या प्रत्येक मुलाच्या मानेवर ही घाई बसलेली असते, आणि तिच्यात वावगं काही नाही. पण हिशोब नीट कर. जर्मनीत डिग्री पूर्ण झाली की नोकरी शोधायला १८ महिन्यांपर्यंतचा परवाना मिळू शकतो. म्हणजे बुडापेस्ट कुठे पळून जात नाही. डिग्री अडकली तर मात्र ते सगळं एकदमच जाईल.

आणि खरं सांगू? तुझ्या प्रोफाइलची लिंक तू दिली होतीस म्हणून मी बसून सगळे फोटो पाहिले. प्रागचा चार्ल्स ब्रिज, व्हिएन्नाचा राजवाडा, बुडापेस्टची संसद रात्रीच्या दिव्यांत. चांगले आहेत, सरळ रेषा, नेमका उजेड. पण त्यातला कुठला फोटो तू काढलास आणि कुठला तुझ्या शेजारी उभ्या असलेल्या पर्यटकाने, हे मला सांगता आलं नसतं. एक सोडून. ट्रामच्या काचेवर वाफ धरली आहे, त्यावर कुणीतरी बोटाने काहीतरी लिहून पुसलं आहे आणि पुसलेल्या जागेतून नदीपलीकडचा एक पिवळा दिवा दिसतो आहे. त्याला सगळ्यात कमी लाइक आहेत. तो ड्रेस्डेनचा आहे, तुझ्या रोजच्या रस्त्यावरचा.

तू ज्या शहरात राहतोस ते फोटोच्या बाबतीत साधंसुधं शहर नाही, आणि तू तिथून दर शुक्रवारी बाहेर पळतोस, याची मला जरा गंमत वाटते. एकेकाळी कॅमेऱ्यांच्या धंद्यात ड्रेस्डेनचं नाव जगभर होतं. १९२६ साली झाइस इकॉन ही कंपनी तिथे उभी राहिली. ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणाऱ्या पहिल्यावहिल्या एसएलआर, म्हणजे लेन्समधलंच दृश्य आरशाने डोळ्याला दाखवणाऱ्या, कॅमेऱ्यांपैकी एक, किने एक्झाक्टा, १९३६ साली तिथूनच बाजारात आला. पुढे पूर्व जर्मनीच्या काळात प्राक्टिका कॅमेरेही तिथेच बनत. श्ट्रीझेन भागात एर्नेमान कंपनीच्या जुन्या कारखान्याचा उंच मनोरा अजून उभा आहे आणि त्या इमारतीत आता तंत्रज्ञानाचं संग्रहालय आहे. ट्रामने जाण्याजोगं. गेलास का कधी?

तुझ्या विद्यापीठाचा तर याच्याशी थेट संबंध आहे. ते पॉलिटेक्निक होतं तेव्हा हेरमान क्रोने नावाचा फोटोग्राफर तिथे फोटोग्राफी शिकवत असे, आणि शिकवण्यासाठी त्याने जमवलेला चित्रसंग्रह आजही तुमच्या विद्यापीठाकडे आहे. हा माणूस १८५३ साली एल्ब नदीच्या वरच्या अंगाला, आज ज्याला सॅक्सन स्वित्झर्लंड म्हणतात त्या खडकाळ डोंगरांत, फोटो काढायला गेला होता. त्या काळच्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत तिथल्या तिथे डेव्हलप करायचा. म्हणजे अंधारी खोली पाठीवर घेऊनच डोंगर चढायचा. त्याच डोंगरांत जायला तुला आज एस-१ लोकल पुरते. राथेनला उतरायचं, मोटर नसलेल्या, तारेला बांधून प्रवाहाच्या जोरावर चालणाऱ्या नावेतून नदी ओलांडायची आणि बास्तेईच्या दगडी पुलापर्यंत चढायचं. नदीपासून १९४ मीटर उंची आहे, दम लागतो. सकाळी गेलास तर संध्याकाळी खोलीवर. लोकलला सेमिस्टर-तिकीट चालतं, नावेसाठी थोडे सुटे युरो ठेव.

पण मला तुला ओळख करून द्यायची आहे ती आउगुस्ट कोट्शची. १८३६ ते १९१०. लोशविट्झचा माणूस, म्हणजे निळ्या पुलाच्या पलीकडे जो चढ लागतो तिथला. तेव्हा ते द्राक्षमळ्यांचं वेगळं गाव होतं, शहरात सामील झालं १९२१ मध्ये. याने आयुष्यभर बहुतेक त्या गावाचे आणि आसपासचेच फोटो काढले. दारात उभी राहिलेली माणसं, अंगणं, झाडं, टोपलीतली फळं, एखादी तोडून आणलेली फांदी. कुठल्याही राजवाड्यापेक्षा त्या फांदीकडे मी जास्त वेळ बघत बसते. तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातच डॉइचे फोटोथेक हा मोठा चित्रसंग्रह आहे. त्यातलं बरंच काही घरबसल्या ऑनलाइन बघता येतं. एखाद्या शनिवारी बस न पकडता तिथे दोन तास घालव.

रिखार्ड पेटरचा फोटोही तिथे भेटेल. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ड्रेस्डेनचा मधला भाग जळून गेला, तेव्हा या माणसाचा तोवरचा सगळा फोटोसंग्रहही गेला. तो त्याच वर्षी शहरात परतला, नगरभवनाच्या मनोऱ्यावर चढला आणि एका दगडी पुतळ्याच्या खांद्याशेजारून खाली पसरलेल्या पडक्या भिंतींचा फोटो काढला. तू फ्राउएनकिर्खेचा जो फोटो टाकला आहेस त्यात भिंतीवर काळे दगड दिसतात. ते जुन्या, कोसळलेल्या चर्चचे आहेत. ढिगाऱ्यातून वेचून, २००५ साली पूर्ण झालेल्या नव्या बांधकामात पुन्हा बसवलेले. तुझ्या फोटोखाली ‘व्हायब्ज’ असं लिहिलं आहेस. मला राग आला नाही, पण तू तिथे राहतोस, त्या दगडांशेजारून बाजाराला जातोस. तुझ्याकडून थोडी जास्त अपेक्षा आहे.

आता घर. मामांना, आईला तुझी ऐश तेवढी दिसते, अशी तुझी तक्रार आहे. तू त्यांना दुसरं काय दाखवलं आहेस? बेकरीचा एक फोटो पाठवलास? वॉशिंग मशिनच्या रांगेचा? डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो तेव्हाच्या तुझ्या खिडकीचा? लग्नाच्या अल्बमवरून संसाराचा अंदाज बांधावा, तसं मामांचं झालं आहे, आणि अल्बम तूच पाठवतो आहेस. मला तर असं दिसतं की पेपर राहिल्यानंतर तुझे फोटो वाढले. तारखा जुळवून बघ. हसरे फोटो गेले की ‘बरा आहेस ना?’ हा प्रश्न येत नाही, आणि प्रश्न आला नाही की उत्तर द्यावं लागत नाही. हे तू ठरवून केलंस असं मी म्हणत नाही.

वडिलांचा अंगठा तू नाराजी म्हणून वाचतोस. तसं असेलही. पण हा माणूस तीसएक वर्षं शाळेत शिकवत होता, त्याला व्हिएन्नाच्या राजवाड्याबद्दल बोलायला काय सुचणार? ‘छान आहे’ म्हणून तो गप्प बसणार. पहाटे भट्टीतून निघालेल्या पावांचा फोटो पाठव आणि खाली लिही की हे मी ओळीने लावतो, हाताला असे चटके बसतात, इतके वाजता सुटतो. मग बघ अंगठा येतो का फोन. नापास झालेली मुलं त्यांनी तुझ्याआधी शेकड्यांनी पाहिली आहेत. दोन पेपर ऐकून ते कोसळतील, ही तुझी भीती आहे, त्यांचा स्वभाव मला पत्रातून तसा वाटला नाही. सांगताना मात्र हात हलवत जाऊ नकोस. पेपर कुठले, का राहिले, पुन्हा कधी, तोवर काम किती कमी करणार, हे घेऊन फोन कर. आईला नंतर, मामांना अजिबात नाही. कर्जाचंही त्याच फोनमध्ये बोलून घे. बहुतेक सरकारी बँकांत हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. कोर्स लांबला तर ती तारीख कशी बदलते हे वडिलांना शाखेत जाऊन विचारता येईल. त्यांना काहीतरी करायला मिळेल, त्याचा त्यांना आधारच वाटेल.

नातेवाइकांना ब्लॉक करून वेगळं अकाउंट काढावं का, असं तू मधे विचारलं आहेस. काढ हवं तर. बाहेर शिकणारी बरीच मुलं काढतात, त्यात पाप नाही. पण त्याने मामांची कटकट तेवढी थांबेल. वडिलांशी बोलायचं राहिलं आहे ते राहीलच.

खोलीत शिरताना येणारं रिकामपण मी सल्ल्याच्या दोन ओळींत उडवून लावणार नाही. ते थंडीचं असू शकतं, झोपेचं असू शकतं, एकटेपणाचं असू शकतं. तुझ्या कुठल्याच सहलीत सोबत कुणी असल्याचा उल्लेख नाही, हे मी टिपून ठेवलं आहे. झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तर श्टुडेंटेनवेर्कचं, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या संस्थेचं, समुपदेशन केंद्र आहे. विद्यार्थ्यांना मोफत, आणि तिथलं बोलणं विद्यापीठापर्यंत जात नाही. इंग्रजीत बोलता येईल का हे आधी मेल करून विचार. याला ‘डोक्याचा डॉक्टर’ वगैरे म्हणून हसणाऱ्या रूममेटचं ऐकू नकोस.

आणि परीक्षा होईपर्यंत फोटो शहरातच काढ. खोलीपासून विद्यापीठापर्यंतचा रस्ता घे. सप्टेंबर २०२४ मध्ये कारोला पुलाचा एक भाग पहाटे नदीत कोसळला, त्यावरून ट्राम जायची. त्यानंतर अर्ध्या शहराचे रोजचे रस्ते बदलले. हे फिरायला आलेल्याला दिसत नाही, तिथे राहणाऱ्याला दिसतं. बेकरीत कॅमेरा काढायचा असेल तर आधी मालकाला विचार, सोबतच्यांनाही विचार. जर्मनीत ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो छापायला किंवा टाकायला त्याची संमती लागते. १९०७ सालचा कायदा आहे आणि आजही लागू आहे. गर्दीचा, देखाव्याचा भाग म्हणून कुणी आलं तर गोष्ट वेगळी. मुलांच्या बाबतीत तर आईवडिलांना विचारल्याशिवाय नकोच. इमारती रस्त्यावरून खुशाल काढ, आत शिरलास की तिथले नियम बघ. विचारायला तोंड उघडावं लागेल, तुझं जर्मनही सुधारेल. हे मी गमतीने म्हणत नाही.

हे वाचणाऱ्या, लियाँला, तोरिनोला किंवा आइंडहोव्हनला असलेल्या इतर मुलामुलींसाठी: माणसांच्या फोटोचे आणि विद्यार्थ्यांच्या कामाचे नियम देशागणिक वेगळे आहेत. मित्राने सांगितलं म्हणून धरून चालू नका, परवान्यावर छापलेलं वाचा.

डिग्री सोडून फोटोग्राफीत पडायचं का, याचं उत्तर मी आज ‘नाही’ असं देते, आणि ते कायमचं नाही. मी पाहिलेल्यांत ट्रामच्या काचेसारखा फोटो एकच आहे. तसे वीस-पंचवीस जमू देत, विद्यापीठाच्या एखाद्या फोटो गटात चार अनोळखी माणसांना दाखव, ते काय म्हणतात ते ऐक. इंजिनिअर होऊन फोटो काढणाऱ्यांची जगात कमी नाही. परवाना गमावून परक्या देशात फोटोग्राफर होणं मात्र फार थोड्यांना जमलं असेल.

राहिले ते ३०० युरो. तुझ्या विद्यार्थी परवान्यावर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस नोकरी करता येते, बेकरी त्यात बसते. विद्यापीठातच हिवीचं, म्हणजे प्राध्यापकांच्या हाताखालच्या विद्यार्थी-सहाय्यकाचं, काम मिळालं तर ते या दिवसांत धरत नाहीत, वर पहाटे उठावंही लागत नाही. त्यासाठी प्राध्यापकांना मेल टाकायला सुरुवात कर. पण पैसे घेऊन कुणाचं शूट करणं ही नोकरी धरली जात नाही, तो स्वतंत्र व्यवसाय होतो, आणि त्याला परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. ‘रोख घेतो, कोण बघतंय’ असं सांगणारे भेटतील. ते फोटो इन्स्टाग्रामवर तुझ्या नावानेच जाणार आहेत. परवानगीचा अर्ज करायचा की नाही हे पेपर झाल्यावर ठरव. त्या जोडप्याला मात्र आजच कळव, त्यांना दुसरा फोटोग्राफर शोधायला वेळ लागेल.